टाच, चवडा आणि मधली जागा

वाह पेडल, म्हणजे पायाने दाबत गिटारचा आवाज 'वा-वा' असा बोलता करायचं यंत्र, घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी ते मला नेमकं कशासाठी हवंय हे लिहून काढलं. तीन कामं निघाली. एक म्हणजे फंक ऱ्हिदम: डाव्या हाताने तारा मुक्या करून उजव्या हाताने सिक्स्टींथ नोट्समध्ये, म्हणजे एका ठोक्यात चार वेळा, खरवडत राहायचं आणि त्या खरवडीला पायाने बोलतं करायचं. दुसरं, सोलोमध्ये एखादा लांब स्वर धरला की तो हळूहळू उघडत न्यायचा. तिसरं काम मला सगळ्यांत प्रिय आहे. पेडल मध्येच एका जागी थांबवायचं, पाय काढून घ्यायचा आणि त्या अडकलेल्या, नाकातल्या आवाजात अख्खं कडवं वाजवायचं.

ही तीन कामं एकमेकांच्या आड येतात हे मला पेडल्स वाजवायला लागल्यावर उमगलं. पहिल्याला जे पेडल उत्तम, ते तिसऱ्याला नकोसं होतं. त्यामुळे 'सर्वांत चांगलं वाह कोणतं' हा प्रश्न मी फार लवकर सोडून दिला. ज्यांना पेडल मध्येच थांबवायचं नाहीच, त्यांची निवड माझ्यापेक्षा वेगळी होईल आणि त्यांच्यासाठी ती बरोबरच असेल.

वाह मुळात एक फिल्टर आहे. गिटारच्या आवाजातला एक अरुंद पट्टा तो उचलून धरतो, त्याच्या वरचा भाग कापतो, आणि पायाखालची पाटी हलली की हा उंचवटा खाली-वर सरकतो. टाच दाबलेली असताना तो साधारण 400 हर्ट्झच्या आसपास असतो, चवडा दाबला की 2000 हर्ट्झच्या जवळ पोचतो. आपण 'ऊ' म्हणत म्हणत 'आ'कडे जातो तेव्हा ओठ आणि जीभ हेच करतात. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि तिच्या अनुनादाच्या जागा वर सरकतात. म्हणून तर गिटार बोलल्यासारखी वाटते.

हे सर्किट सापडलं 1966 मध्ये. थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचे इंजिनिअर व्हॉक्स ॲम्प्लिफायरमधल्या मिडरेंज बूस्टवर, म्हणजे मधला पट्टा उचलणाऱ्या सर्किटवर, काम करत होते. तिथल्या महागड्या स्विचऐवजी साधा पोटेन्शिओमीटर (पॉट), म्हणजे फिरवून रोध बदलायचा भाग, चालेल का, हे ते पाहत होते. पॉट फिरवला तसा आवाज सलग सरकत गेला. मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात बसवलं गेलं, आणि 1967 मध्ये ट्रम्पेटवादक क्लाइड मॅकॉय यांच्या नावाने पेडल विक्रीला आलं. मॅकॉय ट्रम्पेटच्या तोंडावरच्या म्यूटची उघडझाप करून असाच आवाज काढत. गिटारवाल्यांनी ते उचललं ते पुढे कायमचंच. पण 1970 च्या दशकात माइल्स डेव्हिस यांनी ट्रम्पेट वाहमधून वाजवली, हे मला आजही विलक्षण वाटतं. ज्या वाद्याची नक्कल करून पेडलला नाव मिळालं, तेच वाद्य त्या पेडलमधून गेलं.

या इतिहासाचा मला निवडीतही उपयोग झाला, कारण आजची बहुतेक पेडल्स त्याच सर्किटवर उभी आहेत. दोन ट्रान्झिस्टर, साधारण 500 मिलीहेन्रीचा इंडक्टर (तारेचं वेटोळं), 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, 100 किलोओहमचा पॉट. या इंडक्टर आणि कपॅसिटरचं गणित केलं तर अनुनाद 2250 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास चवड्याकडचं टोक. पॉट टाचेकडे फिरत गेला की दुसऱ्या ट्रान्झिस्टरमुळे तोच कपॅसिटर सर्किटला कितीतरी पट मोठा भासू लागतो. 400 हर्ट्झपर्यंत उतरायचं तर तो सुमारे तीस पट मोठा भासायला हवा. हे समजल्यावर माझ्या डोक्यावरचं जाहिरातींतल्या विशेषणांचं ओझं उतरलं. ऐकायच्या गोष्टी तीनच उरल्या. उंचवटा कुठून कुठे जातो, तो किती टोकदार आहे, आणि पायाच्या कोणत्या टप्प्यात तो किती सरकतो. तिसरीबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला.

आधी उंचवट्याच्या जागेबद्दल. सहाव्या तारेचा उघडा स्वर 82 हर्ट्झचा, पहिल्या तारेचा 330 हर्ट्झचा, आणि त्याच पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटला 659 हर्ट्झ. टाच पूर्ण खाली ठेवून तो बाराव्या फ्रेटचा स्वर वाजवला, तर त्याचा मूळ स्वरच उंचवट्याच्या पलीकडे, कापल्या जाणाऱ्या भागात पडतो. तो मंद आणि बुजरा येणारच, त्यात पेडलचा दोष नाही. जाड तारांवर मात्र 400 हर्ट्झच्या आसपास भरपूर ओव्हरटोन, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, असतात, म्हणून तिथे टाच भरीव लागते. त्यामुळे मी प्रत्येक पेडलवर दोन गोष्टी वाजवायच्या ठरवल्या: खालच्या तीन तारांवरचा एक रिफ आणि बाराव्या फ्रेटच्या वरचा एक लांब स्वर. फक्त खरवडून पाहिलं तर सगळीच पेडल्स छान वाटतात.

गिटार आणि केबल दोन्ही नेहमी माझीच नेली. माझ्या गिटारला ब्रिजकडे हमबकर आहे आणि मध्ये व नेककडे सिंगल कॉइल; हे पिकअपचे, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या भागांचे, दोन प्रकार. एकाच पेडलमध्ये मधली सिंगल कॉइल चवड्याच्या टोकाला कानात घुसायची आणि हमबकर त्याच जागी अगदी नेमका वाटायचा. दुसऱ्या कुणाच्या गिटारवर ऐकून घेतलेलं मत इथे फार लांब जात नाही. ॲम्प आधी स्वच्छ, मग जरा तापलेला, आणि आवाज तालमीत असतो तेवढा. हळू आवाजात कान मधल्या पट्ट्याला जास्त मान देतो, त्यामुळे वाह गोड लागतं; मोठ्या आवाजात तोच उंचवटा टोचू शकतो.

आणि उभं राहून वाजवलं. खुर्चीवर बसून घोटा ज्या कोनात असतो, तो उभं राहिल्यावर नसतो. बसून सहज पोचणारा चवडा उभ्याने पूर्ण दाबायला अंग पुढे झोकावं लागतं, आणि एका पायावर तोल सांभाळत गाणं अवघड जातं. वाजवताना जे बूट घालते, तेच घालून गेले. पातळ तळव्याच्या बुटात पाटीचा कोन कळतो, जाड तळव्यात नुसता अंदाज राहतो.

आता मधल्या जागेबद्दल. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि वाह घेणाऱ्या प्रत्येकाने घालवावा असं मला मनापासून वाटतं. पद्धत साधी आहे. ॲम्पला थोडा गेन द्यायचा, म्हणजे आवाज जरासा फाटू द्यायचा, सगळ्या तारांचा एक कॉर्ड वाजवून तसाच वाजता ठेवायचा आणि पाटी टाचेपासून चवड्यापर्यंत जमेल तितकी सावकाश न्यायची. डोळे मिटून. आवाज कुठे बदलायला लागतो, कुठे झपकन वळतो, कुठे नुसताच पुढे जातो, हे पायाने लक्षात ठेवायचं. मग उलट दिशेने यायचं. काही पेडल्समध्ये निम्मा प्रवास होईपर्यंत काहीच घडत नाही आणि चवड्याजवळच्या बोटभर अंतरात सगळा स्वर उलगडतो. काहींमध्ये बदल अथपासून इतिपर्यंत सारखा पसरलेला असतो. आणखी काहींत दोन्ही टोकांना संथ आणि मध्येच वेगवान.

हे ठरतं पॉटच्या टेपरवर, म्हणजे फिरण्याबरोबर त्याचा रोध कोणत्या चालीने बदलतो यावर. पाटीची दातेरी पट्टी आणि पॉटवरचा गिअर (रॅक-पिनियन) यांच्या दातांमुळे पॉट किती फिरतो, याचाही त्यात वाटा असतो. झपाट्याने बदलणारा प्रवास फंक ऱ्हिदमला सुखाचा आहे. घोटा थोडाच हलवला तरी पूर्ण 'वाका' उमटतं आणि वेगात पाय थकत नाही. सोलोतला लांब स्वर उघडायचा असेल तर पसरलेला प्रवास हवा, नाहीतर स्वर उमलण्याऐवजी उडी मारतो. आणि पेडल मध्ये थांबवायचं असेल तर मधली जागा रुंद असावी लागते. पाय उचलताना पाटी केसभर तरी हलतेच. झपाट्याच्या पेडलमध्ये तेवढ्या केसभराने आवाज 'ओ'चा 'ए' होतो, आणि कडवं भलत्याच रंगात सुरू होतं. रुंद मधल्या जागेत तीच हालचाल ऐकूही येत नाही.

माझी दोन कामं पसरलेला प्रवास मागत होती आणि एक झपाट्याचा. मी पसरलेल्याच्या बाजूने गेले. ऱ्हिदमसाठी पाय जास्त हलवायची माझी तयारी होती.

आवडीची रेंज ठरवायला मात्र एका मैत्रिणीच्या पेडलची मदत झाली. तिच्याकडे डनलॉपचं क्राय बेबी 535 क्यू आहे. त्यावर उंचवट्याची रेंज निवडायला सहा जागा असतात, त्याची टोकदारी म्हणजे 'क्यू' कमीजास्त करता येतो, आणि बूस्टही आहे. ते मी मागून आणलं ते मोजपट्टी म्हणून. आमचीच गाणी वाजवायची, नॉब फिरवत राहायचे आणि हात शेवटी कुठे थांबतो ते टिपून ठेवायचं. ज्यांना वाहमध्ये नेमकं काय आवडतं हे शब्दांत सांगता येत नाही, त्यांनी असं नॉबवालं पेडल काही दिवस तरी वापरावं. माझा हात वारंवार मध्यम क्यूवर येत होता. टोकदार क्यू एकट्याने वाजवताना फार आकर्षक, अगदी माणूस बोलल्यासारखा. पण लांब स्वरावर तो शिटीसारखा एकच ओव्हरटोन पुढे काढतो आणि बाकीचा स्वर मागे पडतो.

रेंजच्या बाबतीत घरी आणि बँडमध्ये वेगळी उत्तरं आली. घरी सर्वांत खालची रेंज उबदार वाटत होती. तालमीत पहिल्याच गाण्यानंतर बेसिस्ट म्हणाला, "अगं, टाच खाली गेली की तू गायबच होतेस. वाजवतेयस की थांबलीस, तेच कळत नाही." त्याचं म्हणणं नेमकं होतं. खालच्या मिड्समध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्याच्या खालच्या भागात, आधीच बेस, किक ड्रम आणि कीबोर्डचा डावा हात दाटीवाटीने बसलेले असतात. तिथे माझा उंचवटा नेला आणि वरचं सगळं कापलं, तर माझ्याकडे स्वतःचं असं काही उरत नाही. रेंज पायरी-पायरीने वर सरकवली तशी टाच खाली असतानाही गिटार ऐकू येऊ लागली. त्या दिवसापासून टाचेचा आवाज मी कधीही एकट्याने तपासला नाही. चवडा कोणत्याही गर्दीतून बाहेर येतो, कस लागतो तो टाचेचा.

स्विचलेस पेडल्सही मनापासून वाजवून पाहिली. पाय ठेवला की वाह चालू, काढला की स्प्रिंगने पाटी मागे येते आणि वाह बंद. गाता गाता वाजवणाऱ्याला यासारखं सुख नाही, चवड्याने स्विच शोधत बसावं लागत नाही. मॉर्लीच्या पेडल्सची आतली रचनाही मला आवडली. पाटीसोबत पॉट फिरण्याऐवजी प्रकाशाची वाट कमीजास्त अडवली जाते आणि प्रकाशसंवेदी रेझिस्टर फिल्टर सरकवतो, त्यामुळे पॉट झिजून खरखर सुरू होणं हा प्रकारच नाही. पण पाय काढल्यावर पाटी मागे येणार म्हणजे माझं तिसरं काम गेलं. या एका कारणाने तो सगळा वर्ग मी बाजूला ठेवला. ते काम यादीत नसतं तर कदाचित तिथेच थांबले असते. लहान आकाराची पेडल्सही अशीच सुटली. पाटी आखूड, म्हणून सगळा प्रवास थोडक्या जागेत, आणि मला तर जागाच हवी होती.

पेडल बंद असताना काय करतं, हे चालू असताना काय करतं याच्या इतकंच तपासावं. कुठल्याही मैफलीत वाह बहुतेक वेळ बंदच असतं. जुन्या रचनेत स्विच फक्त बाहेर जाणारा सिग्नल बदलतो. आत येणारा सिग्नल फिल्टरच्या सर्किटला जोडलेलाच राहतो. ते सर्किट पिकअपवर भार टाकतं आणि वरचे स्वर मळकट होतात. तपासायला सोपं आहे. पेडल बंद ठेवून वाजवायचं, मग गिटार थेट ॲम्पमध्ये लावून तेच वाजवायचं. फरक असला तर सिंगल कॉइलवर लगेच कळतो. ट्रू बायपास असला, म्हणजे बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे जात असला, की हा प्रश्न मिटतो. पण ट्रू बायपास पेडल्सची रांग आणि लांबलचक केबल असेल तर केबलची कपॅसिटन्सच ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, खाते, आणि तेव्हा मार्गात कुठेतरी एक चांगला बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट, हवा. मला दोन्ही मतांच्या कट्टर लोकांनी सल्ले दिले. माझ्या पेडलबोर्डवर शेवटी बफरवाला डिले (प्रतिध्वनीचं पेडल) आहेच, म्हणून वाहला ट्रू बायपास हवा, एवढाच निष्कर्ष माझ्यापुरता काढला.

खरा पेच फझचा होता. माझ्याकडे दोन ट्रान्झिस्टरचा जुन्या धाटणीचा फझ, म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल, आहे आणि तो सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती. अशा फझचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध, फारच कमी असतो. वाहच्या नंतर तो लावला की वाहच्या आउटपुटवर इतका भार येतो की स्वीप, म्हणजे उंचवट्याचं सरकणं, जवळजवळ नाहीसाच होतो. पाटी हलते आणि आवाज जागचा हलत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पेडल बिघडलं असंच वाटेल. यावर एक उपाय म्हणजे वाह फझच्या नंतर लावणं. मी तसं भरपूर वाजवलं. आवाज मोठा, नाट्यमय, जवळपास सिंथसारखा येतो, कारण फझने तयार केलेल्या ओव्हरटोनच्या भरगच्च रानातून फिल्टर फिरतो. सुंदर आहे, पण त्यात नाकातलं बोलणं नाही. वाह आधी असलं की फझ त्या स्वराला आवळून गुळगुळीत करतो, आणि मला तेच हवं होतं. दुसरा उपाय म्हणजे वाहच्या आउटपुटला बफर. काही पेडल्समध्ये तो मुळातच असतो, नसेल तर जाणकार दुरुस्ती करणारा लहानशा बोर्डावर बसवून देतो. मात्र तो वाह चालू असतानाच मार्गात यावा असा जोडून घ्यावा लागतो, कारण या धाटणीच्या फझला गिटार थेट जोडलेली आवडते आणि कायमचा बफर आधी आला की तो कर्कश होतो.

इंडक्टरबद्दल गिटारवाल्यांत जेवढी चर्चा होते तेवढी मला पटली नाही. फॅसल, हॅलो अशा नावांचे, जुने, नवे, यांत फरक असतो आणि तो मी ऐकला आहे. काहींत किंचित जास्त खरखरीत गोडवा येतो. पण टेपर आणि रेंज चुकीची असेल तर कोणताही इंडक्टर ते पेडल वाचवत नाही. टोकदारी बदलायची तर इंडक्टरला समांतर असलेला रेझिस्टर, बहुतेक सर्किटांत 33 किलोओहमचा, बदलणं कितीतरी सोपं. त्याचा रोध वाढवला की टोकदारी वाढते, कमी केला की घटते.

शेवटचा टप्पा मला स्वतःलाच नवा होता. मॉडेल ठरलं: पूर्ण आकाराचं, लोखंडी दणकट खोक्याचं, जुन्या दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटचं, वर एकही नॉब नसलेलं. दुकानात त्याच मॉडेलची दोन पेडल्स होती, म्हणून दोन्ही वाजवली, आणि ती सारखी नव्हती. एकाची मधली जागा चवड्याकडे झुकलेली, दुसऱ्याची पायाच्या अगदी मध्यावर. पॉट, इंडक्टर, रेझिस्टर सगळ्यांच्या मूल्यांत थोडा कमीजास्तपणा असतोच, आणि पॉटचा दातेरी गिअर कारखान्यात एखादा दात इकडेतिकडे बसला तरी स्वीप सरकतो. म्हणून मॉडेलचं नाव मी इथे सांगत नाही. नाव ऐकून कुणी डबा न उघडता घेतलं तर त्याला माझं पेडल मिळेलच असं नाही. मी दुसरं उचललं.

घरी आल्यावर तळाची झाकणी काढून तीन गोष्टी केल्या. पाटीच्या आसाजवळचा स्क्रू आवळला, कारण पाय काढल्यावर पाटी स्वतःच्या वजनाने टाचेकडे घसरत होती. इतकाच आवळला की सोडली तिथे थांबावी आणि ऱ्हिदमला अडकू नये. यात थोडं मागेपुढे करावं लागतं. मग स्विचचे नट सैल करून स्विच किंचित वर घेतला, म्हणजे चवडा दाबल्यावर तो लागायला लाथ मारावी लागू नये. फार वर घेतला तर सोलोच्या भरात चवडा टेकताच वाह बंद होतं, म्हणून पाटीखालच्या रबरापेक्षा तो जरासाच पुढे असावा.

तिसरी गोष्ट बेसिस्टसाठी. पॉटचा गिअर सोडवून एक दात पुढे बसवला, तेव्हा पूर्ण स्वीप जरा वर सरकला आणि टाचेचं सर्वांत मळकट टोक प्रवासातून गेलं. आउटपुटचा बफर नंतर बसवून घेतला. आता टाच खाली असतानाही मी गाण्यात ऐकू येते आणि फझसमोर स्वीप पूर्ण चालतो. मधली सिंगल कॉइल चवड्याच्या टोकाला पूर्वीपेक्षा थोडी टोचते, ती मी गिटारचा टोन नॉब 7 वर आणून सांभाळते.